हनुसंधीचे दुखणे : एका उपेक्षित सांध्याचा इतिहास

चैत्रात हनुमानजयंती येते आणि आपल्या वसंतातल्या व्याख्यानांचे मांडवही त्याच सुमारास पडू लागतात. तेव्हा आरंभी मारुतीची आठवण काढली तर ती अप्रस्तुत ठरू नये. 'हनु' म्हणजे जबडा. बाल मारुतीने सूर्यबिंब फळ समजून झेप घेतली, इंद्राने वज्र हाणले, ते जबड्यावर बसले आणि तेव्हापासून त्याला हनुमान हे नाव पडले, ही कथा आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. जबड्याच्या दुखापतीवरून ज्याचे नाव पडले तो देव आपल्या गावोगावच्या वेशीवर उभा आहे. पण जबड्यालाही सांधा असतो, तोही गुडघ्याखांद्यासारखा दुखतो, याची आपल्यापैकी फार थोड्यांना दाद असते. गुडघा धरला, खांदा जखडला असे आपण म्हणतो. जबडा धरला म्हणजे मात्र "दाढ ठणकते" नाही तर "कानात कळ येते" असे सांगतो, आणि दाढेच्या किंवा कानाच्या डॉक्टरकडे जातो.

श्रोत्यांनी कानाच्या भोकापुढे अर्ध्या बोटावर दोन्ही हातांची बोटे टेकवावीत आणि तोंड सावकाश उघडून मिटावे. बोटाखाली जे हलते तीच हनुसंधी. कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचे टोक बसलेले आहे, आणि दोहोंच्या मध्ये कूर्चेची एक पातळ चकती आहे. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा आधी फिरतो आणि मग पुढे घसरतो. शिवाय डावा आणि उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एकाला सोडून दुसऱ्याला हलता येत नाही. जेवताना, बोलताना, जांभई देताना, दिवसाकाठी हजारो वेळा त्याला राबावे लागते. ज्यांच्या बोटांना 'कट्' असा आवाज जाणवला असेल त्यांनी घाबरू नये. पुष्कळांच्या जबड्यात असा आवाज होतो. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजावर काही उपचार करावा लागत नाही.

आम्ही वैद्य नव्हे आणि दंतवैद्यही नव्हे. कामगारांची गाऱ्हाणी वहीत उतरून घेणे हे आमचे काम. त्या वहीत काही वर्षांपूर्वी एका विडी वळणाऱ्या बाईचे गाऱ्हाणे आले. मान खाली घालून दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसायचे, हजार विड्यांचा आकडा भरायचा, आणि त्यातल्या काही 'छाट' म्हणून फेकल्या जातात ते मुकाट्याने पाहायचे. तिचा डावा जबडा दुखू लागला. पहिल्या दवाखान्यात एक दाढ काढली, दुखणे राहिलेच. मग दुसरी काढली, नंतर तिसरी. तीनही दाढा किडक्या नव्हत्या. बाईने त्या रुमालाच्या गाठीत बांधून आणल्या आणि आमच्या टेबलावर ठेवून विचारले, "दादा, आता याचं पैसं कोन देनार?" पैशांचे उत्तर आम्हाला देता आले नाही. पण चांगल्या दाढा उपटण्याइतके अज्ञान या एका सांध्याविषयीच का असावे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून ग्रंथालय गाठले, आणि जे सापडले ते आज मांडीत आहोत.

निखळलेला जबडा बसवण्याची विद्या फार जुनी आहे. इजिप्तमधल्या लक्सर येथे १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकनाने एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० या काळातली नक्कल आहे, आणि तिचा मूळ मजकूर त्याहूनही जुना आहे. शिकागोच्या ब्रेस्टेड या पंडिताने १९३० साली ती भाषांतरासह प्रसिद्ध केली. तीत अठ्ठेचाळीस रुग्णांची प्रकरणे क्रमाने लिहिली आहेत. पंचविसावे प्रकरण तोंड उघडे राहून मिटत नाही अशा माणसाचे. वैद्याने आपले दोन्ही अंगठे त्याच्या तोंडात जबड्याच्या मागल्या टोकांवर ठेवावेत, बाकीची बोटे हनुवटीखाली धरावीत आणि जबडा मागे लोटून जागेवर बसवावा. पुढे बरे होईपर्यंत रोज मधाची पट्टी बांधावी. आज अपघात विभागातला तरुण डॉक्टर हेच करतो; मध तेवढा वापरीत नाही. ग्रीकांच्या हिप्पॉक्रॅटिसच्या ग्रंथसंग्रहातही सांध्यांवरील भागात हाच विधी आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, भग्नचिकित्सेच्या अध्यायात, हनुसंधी सुटली असता ती शेकून, जागेवर आणून पंचांगी नावाचा बंध बांधण्यास सांगितले आहे. नाईल आणि गंगा या दोन्ही नद्यांच्या काठी माणसाने या सांध्याकडे आधी हाताने पाहिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जबडा निखळला की तो दिसतो, चारचौघांना कळतो. खरी अडचण आहे ती न निखळता दुखणाऱ्या जबड्याची. लंडनचा शल्यविशारद ॲस्टली कूपर याने १८२२ च्या आपल्या ग्रंथात जबडा अर्धवट सरकण्याची, त्यात खटका बसण्याची नोंद केली. १८८७ साली एडिंबरोच्या टॉमस ॲनंडेल याने दोन रुग्ण स्त्रियांच्या कानापुढे छेद घेऊन सरकलेली कूर्चा टाके घालून जागेवर बसवली आणि 'लॅन्सेट' या पत्रात त्याचा वृत्तांत दिला. दुखण्याला चकती कारण असू शकते हे त्याने दाखवून दिले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे मात्र या वाटेने फारसे कोणी गेले नाही.

मग आले १९३४ साल. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात जेम्स कॉस्टन नावाचा कान-नाक-घशाचा डॉक्टर होता. कान बंद झाल्यासारखे वाटणे, कानात गुणगुण, चक्कर, डोकेदुखी, जिभेची आग अशा तक्रारी घेऊन लोक त्याच्याकडे येत, आणि कान तपासावा तर कानात काही सापडत नसे. त्याने अकरा रुग्णांची हकीगत छापली आणि एक उपपत्ती मांडली. मागच्या दाढा पडल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचे टोक मागे रेटले जाते, आणि तेथल्या नसेवर व कानाच्या नळीवर दाब येतो, असे त्याचे म्हणणे. त्यावर उपाय म्हणजे दातांची उंची वाढवणे. 'कॉस्टनची व्याधी' हे नाव जगभर झाले. एक मोठे काम त्याने खचित केले: दुखणे कानात वाटले तरी मूळ सांध्यात असू शकते हे डॉक्टरांच्या गळी उतरवले. पण उपपत्ती टिकली नाही. १९४८ साली हॅरी सिकर या शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवून दिले की ती नस ज्या जागी आहे तेथे जबड्याचे टोक तिला चिरडूच शकत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उपपत्ती गेली, उपचार राहिला. दातांची उंची वाढवण्याचा, ते घासून सारखे करण्याचा, सगळ्या तोंडाला टोप्या बसवण्याचा जो व्यवसाय उभा राहिला होता तो सिकरच्या लेखाने थांबला नाही. पायाच उखडला तरी इमला उभा राहण्याचे हे उदाहरण आम्हाला मोठे ओळखीचे वाटले. कारखान्यातही ज्या कारणासाठी एखादा नियम केला ते कारण संपते, नियम चालूच राहतो, कारण त्याच्यावर कोणाची तरी भाकरी बांधलेली असते. दंतवैद्यांची अप्रामाणिक म्हणून संभावना करण्याचा आमचा हेतू नाही. बहुतेकांनी आपल्या डोळ्यांनी रुग्ण बरे होताना पाहिले होते. त्यांचा विश्वास त्या पाहण्यावर होता.

ते पाहणे किती फसवे होते हे १९७६ साली उघड झाले. शिकागो येथे इलिनॉय विद्यापीठातील गुडमन, ग्रीन आणि लॅस्किन यांनी पंचवीस रुग्णांचे दात सारखे करण्याचे नुसते सोंग केले. यंत्र चालले, रुग्ण खुर्चीत बसले, दाताचा मात्र कणही कापला नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांनी दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे गेल्याचे सांगितले. म्हणजे काय? हे दुखणे पुष्कळदा आपोआप ओसरते; कोणी आस्थेने हात लावला, धीर दिला, तर लवकर ओसरते; आणि मधल्या काळात दात कापले असतील तर श्रेय कापणाराला जाते. कापलेला दात मात्र परत उगवत नाही.

त्याआधीच विचाराला दुसरे वळण लागले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ याने १९४९ साली या दुखण्यासाठी स्वतंत्र चिकित्सालय काढले आणि पुढल्या दहा वर्षांत असा निष्कर्ष मांडला की बहुतेकांचे दुखणे सांध्याचे नसून तो हलवणाऱ्या स्नायूंचे असते. दात करकर चावणे, जबडा आवळून धरणे, यांनी चर्वणाचे स्नायू थकतात, गोळा होतात, दुखतात. लॅस्किनने १९६९ साली हा विचार पुढे नेला. मानसिक ताण, त्यातून जबडा आवळणे, त्यातून स्नायूंचा थकवा आणि त्यातून कळ, अशी ही साखळी. आपल्या मराठीला ती पूर्वीपासूनच ठाऊक असावी. रागाने आपण दातओठ खातो. साहेबापुढे दाताच्या कण्या करतो. भीतीने आपली दातखीळ बसते. वाटाघाटीच्या मेजावर तीन तास गप्प बसून ऐकून घेतल्यावर बाहेर आलो की आमचाच जबडा दुखत असे, त्याचे कारण आम्हाला या वाचनातून कळले.

पण या उपपत्तीलाही एक वाकडा फाटा फुटला. दवाखान्यात या दुखण्यासाठी येणाऱ्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, आणि त्यांतही वीस ते चाळीस या वयातल्या. ताणाचे नाव निघाल्यावर "बाईच्या मनाचा खेळ" असे म्हणून तिला वाटेला लावणे सोपे झाले. ताण आहे हे आम्हाला मान्य आहे. परंतु तो आला कोठून, हे विचारण्याची तसदी घेतली गेली नाही. आणि दुखणे मनाशी बांधलेले असले म्हणजे ते खोटे होते, असा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे?

"तुमचे दुखणे मनाचे" हे ऐकून कंटाळलेल्या अशा स्त्रियांपुढे १९८० नंतर एक नवा मार्ग आला, आणि या इतिहासातले सर्वांत दुःखद प्रकरण तेथे सुरू होते. क्ष-किरणांच्या नव्या पद्धतींनी सांध्यातली सरकलेली चकती दिसू लागली होती. दिसते ते दुरुस्त करावे, असे शल्यविशारदांना वाटू लागले. चकती काढून तिच्या जागी काय घालावे? टेक्सासमधील ह्यूस्टन येथे चार्ल्स होम्सी या रसायन-अभियंत्याची व्हायटेक नावाची कंपनी होती. तिने प्रोप्लास्ट आणि टेफ्लॉन यांचा पातळ पत्रा तयार केला. १९७६ च्या अमेरिकन कायद्यात अशी सवड होती की पूर्वीपासून बाजारात असलेल्या एखाद्या साधनासारखेच नवे साधन आहे असे दाखवले, तर रुग्णांवर पद्धतशीर चाचणी न घेताही ते विकता येई. १९८३ साली हा पत्रा त्याच वाटेने बाजारात आला. अशी पंचवीस हजारांहून अधिक रोपणे विक्रीस गेली.

टेफ्लॉनला सांध्यात घासणे सोसत नाही, हे त्यावेळी कोणालाच ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. इंग्लंडात जॉन चार्न्ली हा थोर शल्यविशारद १९५८ पासून खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉनच्या वाट्या बसवीत होता. सुमारे तीनशे रुग्णांत त्या बसवल्यावर दोन-तीन वर्षांत त्या झिजल्या आणि झिजलेल्या भुकटीने आजूबाजूच्या मांसात गाठी धरल्या. चार्न्लीने काय करावे? त्याने ते टेफ्लॉन आपल्या स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, शेजारी दुसऱ्या एका प्लॅस्टिकचाही कण घातला. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, दुसऱ्या जागी काही झाले नाही. हे त्याने १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले, आणि स्वतः बसवलेल्या वाट्या एकामागून एक काढून बदलल्या. आपली चूक आपल्याच मांडीवर तपासून जाहीर करणारी माणसे कोणत्याही धंद्यात थोडी.

जबड्यात बसवलेला पत्राही तसाच फाटला. चावण्याच्या रेट्याखाली त्याचे बारीक कण झाले, शरीराच्या रक्षक पेशी त्या कणांवर धावून गेल्या आणि त्या झटापटीत जबड्याचे हाड झिजू लागले. काहींच्या बाबतीत कवटीच्या तळाचे हाडही पोखरले गेले. दात जुळेनासे झाले, तोंड उघडेना. काढण्यासाठी एक शस्त्रक्रिया, नंतर दुसरी, दहावी; काही स्त्रियांना त्याहूनही अधिक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. कंपनीने १९८८ साली विक्री थांबवली आणि १९९० साली दिवाळे काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी औषध प्रशासनाने इशारा दिला आणि १९९१ च्या आरंभी माल परत घेण्यास लावला. भरपाई मागायला गेलेल्या रुग्णांना कंपनीची रिकामी तिजोरी दिसली. टेफ्लॉन पुरवणाऱ्या ड्यूपाँ कंपनीवर त्यांनी फिर्यादी केल्या. कच्चा माल विकणारा जबाबदार नाही, असा न्यायालयांचा निकाल झाला, आणि १९९८ साली अशा पुरवठादारांना संरक्षण देणारा कायदाही झाला. ज्यांच्या तोंडात तो पत्रा होता त्यांना संरक्षण देणारा कायदा इतक्या चपळाईने झाल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

तरी या प्रकरणाला दुसरी बाजू आहे, आणि खरे सांगायचे तर तिच्याचसाठी आम्ही हा विषय घेतला. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात टेरी काउली आणि रेनी ग्लास या दोन स्त्रियांनी १९८६ साली जबड्याच्या रुग्णांची संघटना काढली. दोघीही डॉक्टर नव्हत; दोघींचाही जबडा दुखत होता. पत्रे लिहिणे, ज्याचा त्याचा अनुभव नोंदवून घेणे, एकीची दुसरीशी गाठ घालून देणे, मग वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींचे दरवाजे ठोठावणे. युनियनच्या कामाची ज्याला सवय आहे त्याला हे सारे ओळखीचे वाटेल. एकेकटीने सांगितले तेव्हा तो मनाचा खेळ होता. शेकडो पत्रांचा गठ्ठा झाला तेव्हा तो पुरावा झाला. जून १९९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे याच रोपणांबद्दल सुनावणी झाली आणि सरकारी खात्यांना जाब द्यावा लागला.

१९९६ च्या एप्रिल-मेमध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली. तिचे सांगणे नम्र होते. बहुतेक उपचारांना भक्कम पुरावा नाही. तेव्हा ज्यातून मागे फिरता येते असेच उपाय आधी करावेत, दात कापणे अगर सांधा उघडणे यांची घाई नको. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी या व्याधीवर मोठा अहवाल काढला. त्यात हे दुखणे नुसते दातांचे नसून सबंध शरीराचे आहे, दंतवैद्यक आणि वैद्यक यांच्या मधल्या फटीत हे रुग्ण पडतात, असे स्पष्ट म्हटले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने दीर्घकाळ दुखणाऱ्या जबड्यासाठी मार्गदर्शन छापले, ते तर आपल्या गावातही आचरता येण्याजोगे आहे. जबड्याचे व्यायाम आणि ताण देणे, मान-खांद्याची ठेवण सुधारण्याचा देखरेखीखालचा व्यायाम, जाणत्या हाताने स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबून मोकळ्या करणे, घरी स्वतः करायचे व्यायाम, आणि विचार व सवयी बदलण्याचे मानसोपचार, यांची त्यांनी जोरदार शिफारस केली. कायमचे बदल करणाऱ्या दंतपट्ट्या आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तितकाच जोरदार नकार दिला. रात्री दातांवर बसवण्याच्या काढघालीच्या पट्टीलाही, जी आजकाल सर्रास दिली जाते, त्यांचा कल सौम्य नकाराकडेच आहे. इजिप्तच्या वैद्याचे अंगठे आणि सुश्रुताचा शेक यांच्या जवळपास आपण पुन्हा येऊन पोचलो, असे म्हटले तर शास्त्रज्ञ रागावणार नाहीत अशी आशा आहे.

दोन गोष्टी सावधगिरीच्या सांगितल्या पाहिजेत. जबड्यात येणारी प्रत्येक कळ सांध्याची नसते. चालताना किंवा जिना चढताना जबडा भरून येत असेल, सोबत छातीत दडपण किंवा घाम असेल, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. तेथे व्यायाम करीत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला घास चावताना जबड्यात पेटके येऊन कानशिले दुखू लागली, दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर पाहावा, नाही तर डोळा जाण्याचे भय असते. दुसरे आपल्या भागापुरते. येथे तोंड न उघडणाऱ्यांतले पुष्कळ लोक सांध्याचे रोगी नसतात, सुपारी-गुटख्याचे असतात. गालाच्या आतले अस्तर घट्ट दोरीसारखे होऊन तोंड आवळत जाते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले आणि त्याला दिलेले नाव आजही जगभर चालते. त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका आहे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पुड्या कोठे मिळतात हे मात्र श्रोत्यांतल्या कोणालाही विचारावे.

त्या विडी कामगार बाईकडे शेवटी पाहिले ते एका तरुण व्यायामोपचारतज्ज्ञ मुलीने. तिने सुपासमोर बसण्याची तऱ्हा बदलायला लावली, दर तासाला मान वर करायला सांगितले, ओठ मिटलेले पण दात सुटे आणि जीभ टाळूला, अशी तोंडाची ठेवण शिकवली, दोन बोटांनी गालाचा स्नायू कसा चोळावा ते दाखवले. तीन महिन्यांत बाई भाकरी चावू लागली. अर्थात उजव्या बाजूने, कारण डावीकडे चावायला दाढाच उरल्या नव्हत्या. कारखानदाराशी छाटाच्या विड्यांबद्दल आमची बोलणी अजून चालू आहेत.